विहीणबाईंच्या भाषेत स्वागत

बाई, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि या साठीत मी पुन्हा क्रियापदांची रूपं घोकायला बसले आहे. तुम्ही शिकवलेल्या संस्कृतची नव्हे, आयरिशची. माझ्या धाकट्या लेकीनं आयरिश मुलाशी लग्न ठरवलं. त्याची आई गावाकडची, घरात आयरिशच बोलणारी. त्या सिंगापूरला आमच्या फ्लॅटवर यायच्या होत्या, आणि विहिणीचा मान तिच्याच भाषेत करायचा, असं मी जाहीर करून बसले. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, शी स्पीक्स इंग्लिश लाह." पण लग्नानंतर लेक तिकडे आयर्लंडलाच राहणार. तिथलं कुणीतरी माझं व्हावं, एवढाच माझा स्वार्थ.

भाषा मोठी खोडकर आहे. वाक्यात क्रियापद सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. आपल्याकडे शब्दाला मागून प्रत्यय लागतात. इथे शब्दाचं तोंडच बदलतं. घर म्हणजे 'त्याख'. 'माझं' म्हटलं की 'ह्याख', 'आमचं' म्हटलं की 'द्याख'. भूतकाळात क्रियापदाचं पहिलं अक्षर मऊ होतं. आमच्या बुकित पंजांग भागातल्या एलआरटी गाडीत मी तुमच्या चालीवर तक्ते म्हणायचे आणि शेजारचे जरा सरकून बसायचे. पण आयरिशच्या ऑनलाइन तासाला चुकायच्या भीतीनं पहिलं अक्षर गिळून टाकायचे. शिकवणारी बिचारी हसून सोडून द्यायची.

तुम्ही सोडलं नव्हतंत. आठवीचा वर्ग, सगळ्याजणी एका सुरात रूपं म्हणताहेत, आणि तुम्ही माझ्या बाकाशी थांबता. "ओठ हलवून देवाला फसव, मला नाही. चुकायचं तर मोठ्यानं चूक. ऐकूच आलं नाही तर दुरुस्त काय करू?" मग मला एकटीला उभं केलंत. मी चारदा चुकले, चारदा सांगितलंत, आवाज न चढवता. तरी वर्षभर मी तुमच्यावर रुसले होते.

परवा हळदीकुंकवाचं तबक घेऊन मी दारात उभी राहिले आणि 'आमच्या घरी स्वागत' हे खणखणीत आवाजात म्हटलं. 'ह्याख' म्हणून बसले. विहीणबाईंनी माझे हात धरले. "द्याख," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग डोळे पुसत इंग्रजीत म्हणाल्या, "माझा मुलगासुद्धा मला इंग्रजीत उत्तर देतो." मी लेकीकडे बघितलं. मग दुपारभर चहा होत राहिला, मी चुकत राहिले, त्या सांगत राहिल्या. बाई, ती दुपार तुमची देणगी आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सांगते. त्या दिवसानंतरही तुमच्या वर्गात मी पुष्कळदा नुसते ओठच हलवले. तुम्हाला ते ठाऊक होतं, असं आता वाटतं.