पालखीला जोडलेले हात

२१ नोव्हेंबर १९९४
दुकान बायकोच्या, शैलाच्या, गळ्यात टाकून म्हापशाला पिक्चर बघून आलो. आमच्या सर्वण गावात दर जत्रेला जो जुना फार्स होतो, त्यावरूनच काढलाय. मी सासरा, वसू जावई, वर्षानुवर्षं. पिक्चरवाल्यांनी वसूला सल्ल्याला घेतलं होतं. सुरुवातीला त्याचं नाव आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, शेजारचा बघायला लागला.
सासऱ्याची मोडकी छत्री गेली, हातात बिनवायरीचा फोन आला. घराचा बंगला झाला. गाणी तर विचारूच नका. असू दे म्हटलं, हसलो. मग भांडणाचा प्रवेश आला.

२२ नोव्हें.
काल पुढे लिहवेना.
जत्रेत नाटक चालू असतानाच पालखी मांडवासमोरून जाते. बाबा सासरा करायचे. जावयाला शिव्या देता देता पालखी दिसली की वहाणा काढायचे, हात जोडायचे, आणि ती वळली की वहाणा चढवून अर्धी राहिलेली शिवी पुरी करायचे. लोक आधी गप्प, मग हसून लोळायचे. छापील पुस्तकात हे नाही. बाबांनी मला शिकवलं.
पिक्चरमधला सासरा तश्शाच वहाणा काढतो, तसेच हात जोडतो, ओठसुद्धा तसेच हलवतो. समोरून उघड्या गाडीतून बाई जाते, पोहायच्या कपड्यात. थेटरात शिट्याच शिट्या.
बाबांचे हात होते ते.

२४ नोव्हें.
व.कडे गेलो. (पुरं नाव लिहायची इच्छा नाही.)
"तुवें दाखयलें त्यांका?"
"हांवें पालखीच सांगिल्ली रे. ते म्हणाले, भायल्यांक पालखी कळची ना. बायल कळटा."
"आनी तूं ओगी, गप्प रावलो?"
"पडद्यार म्हजें नांव आयलां मरे..."
पालखीच्या जागी बाई, का तर बाहेरच्यांना कळावं! चहा तसाच ठेवून उठलो. इतकी वर्षं एकाच डब्यातला रंग तोंडाला फासला आम्ही. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

६ डिसें.
तालमी. तो जावयाची वाक्यं बोलतो, मी सासऱ्याची. वर एक शब्द नाही. शिव्या मात्र यंदा फार झकास लागतायत म्हणे. सगळे खूश.

१७ डिसें.
काल जत्रा. पालखी आली. वहाणा काढल्या, हात जोडले.
मांडवातून शिट्टी आली. मग दुसरी. मग सगळा मांडव हसला. देव समोर आणि लोक हसतायत. त्यांना काय बोलणार, पिक्चर बघून आलेत.
पालखी कधी वळली कळलं नाही. पुढची शिवी माझी, आठवेना. समोर व. मान खाली घालून, हात जोडून उभा. कुणीतरी पडदा टाकला.

१८ डिसें.
नाटकाचा नारळ आधी देवापुढे ठेवतात. मागाहून सासरा-जावई मिळून तो फोडतात, अर्धा अर्धा घरी नेतात. यंदा नारळ तसाच आमच्या सोप्यावर पडून.
दुपारी वसू आला. पायरीवरच बसला.
"फुडल्या वर्सा ती जागा काडून उडोवया?"
बाबांची जागा! घालवलीही यानेच, आता पुरायलाही हाच. राग अनावर झाला. उठून आत आलो.
शैलाने कोयती नेऊन नारळाशेजारी ठेवली.
दिवेलागण झाली. तो अजून पायरीवर आहे. वहाणा काढून बसलाय.