लाल खुणेखालचं पाणी

रशीदभाऊ, सलाम.

तुम्हाला जाऊन आज बारावा दिवस. परवा चंद्रपूरला भाभीला भेटायला तुमच्या घरी गेले होते. तिथं जे ऐकलं त्यानं दोन दिवस झाले, चामोर्शीच्या माझ्या घरी भात शिजवते आणि झाकून ठेवते. म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, सांगा बरं? पण सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

तुमची बांबूची काठी तुमच्या अंगणात पाण्याच्या पिपाला टेकून उभी होती. इतक्या वर्षांनी! खाचा झिजल्या आहेत, पण लाल खूण अजून आहे.

ती खूण माझ्या नेलपॉलिशची, आठवते ना? आपला फिरता दवाखाना नवीन होता तेव्हा. जुनी निळी गाडी, आत दोन बाक, रात्री त्याच आमच्या खाटा, एका कोपऱ्यात स्टोव्ह, एका कोपऱ्यात औषधांचं कपाट. डॉक्टरबाई, मी नर्स आणि तुम्ही ड्रायव्हर. आलापल्लीच्या पुढं जंगलात शिरलो की चार-चार दिवस तीच गाडी आपलं घर. ड्रायव्हर होण्याआधी तुम्ही पत्र्याच्या पेट्या आणि पिपं बनवायचे, म्हणून गाडीच्या मागच्या भागातली पाण्याची टाकीही तुम्हीच ठोकून बनवली. आणि काय तो तोरा! जणू पोरीचं लग्न लावलं.

टाकीत किती पाणी मावतं ते मोजायला तुम्ही अख्खी सकाळ घालवली. एक बकेट ओतायची, काठी बुडवायची, ओल जिथवर आली तिथं चाकूनं खाच. अशा चौदा बकेटा, चौदा खाचा. मी शहाणपणा केला, "भाऊ, सरळ लिटरमध्ये लिहा ना!" तर म्हणाले, "लिटर कोणाले दिसते बाई? बकेट दिसते."

मग माझ्याकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि खालून तिसऱ्या खाचेवर लाल रेघ ओढली. "याच्याखाली कोणाचाच हात नाई जाणार. तुमचाबी नाई, माहाबी नाई. हे बाळंतिणीचं पाणी." मी किती हसले होते! म्हटलं, माझी अर्धी बाटली संपवली या माणसानं.

पाण्याचे भारी कंजूष होते तुम्ही, भाऊ. तोंड धुवायला एक लोटा, आंघोळ अर्ध्या बकेटीत, तीही दिवसाआड. सकाळ-संध्याकाळ काठी बुडवून खडूनं दारावर आकडा लिहायचे. "सकाळी नऊ होत्या, आता सात. दोन बकेटा कुठी गेल्या?" एवढ्या मोठ्या डॉक्टरबाई, पण जरा जास्त वेळ गुळण्या केल्या की तुमच्या भीतीनं गाडीच्या आडोशाला जायच्या. सुखाचे दिवस होते हो ते! तुम्ही झाडाखाली खाट टाकून बसायचे, मी कांदे कापायची, आणि आज किती पाणी वाचलं यावर आपलं भांडण चालायचं. तसं भांडायला आता कोणी नाही मला.

आणि तुमचा तो नियम. काठी टाकायच्या आधी गाडी सपाट पाहिजे. चाकाखाली दगड सारायचे, आत ताटात पाणी घालून बघायचे, सगळीकडं सारखं आलं की मगच काठी. "गाडी तिरपी असली का काठी खोटं बोलते, बाई." शंभरदा सांगितलं असेल मला.

आता त्या मे महिन्याकडं येते. येण्यासाठीच तर लिहायला बसले.

हेमलकशाच्या वाटेवरचं ते गाव. बोअर बिघडलेली, नाला कोरडाठक्क. गाडी उतारावर उभी, मागचा भाग खाली. पलीकडच्या पाड्यावर गाडी जात नव्हती, म्हणून तुम्ही आणि डॉक्टरबाई सकाळीच पायी गेले. जाताना तुम्ही म्हणाले, "आल्यावर गाडी सरळ लावतो. तवरिक काठीले हात लावू नका."

आणि मी लावला. चार दिवसांची धूळ होती डोक्यात, टाळू नुसती खाजत होती. खिळ्याला टांगलेली तुमची किल्ली घेऊन झाकण उघडलं, काठी बुडवली, ओल सहाव्या खाचेवर आली. मी म्हटलं, वा! लाल खुणेच्या वर तीन बकेटा आहेत की. केस धुतले, मनसोक्त धुतले, दोन लुगडी धुतली, वर पायांवर पाणी ओतून घेतलं. उतारामुळं सगळं पाणी मागं, काठी घालायच्या तोंडाशी जमा झालं होतं, हे डोक्यातच आलं नाही. टाकीत होत्याच मुळी तीन बकेटा. बाळंतिणीच्या.

दुपारी चार माणसं खाटेवर एक बाई घेऊन आली. पोराचं डोकं दिसत होतं. तेवढ्यात तुम्ही दोघंही परतले. डॉक्टरबाई ओरडल्या, "पाणी!" मी तोटी फिरवली. अर्धा लोटा आलं आणि मग नुसती हवा.

तुम्ही काठी टाकली. काठीकडं पाहिलं, चाकांकडं पाहिलं, मग माझ्या ओल्या केसांकडं पाहिलं. काय काय बोलू शकले असते तुम्ही! आणि बोलले काय? "डॉक्टरबाई, माही चूक हाय. गाडी सरळ न लावता पाणी मोजलं म्या."

तुमचा वजूचा बधना, नमाजाआधी हातपाय धुवायचा तो तोटीचा लोटा, भरलेला होता. तो तुम्ही माझ्या हातात दिला. तेवढ्याच पाण्यात आमचे हात धुतले, थोडं उकळलं. कोणाची तरी सायकल घेऊन, दोन डबे बांधून, तुम्ही भर उन्हात नदीच्या डोहाकडं गेले. पाणी आणलं तोवर पोरगी जन्मलेली, आई-लेकरू दोघी सुखरूप. तुम्ही मात्र त्या पाण्याला हात लावला नाही. जमिनीवर तळवे थापले, तोंडावरून फिरवले आणि नमाजाला उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "पाणी नसलं का मातीनं चालते बाई. सोय हाय आमच्यात."

संध्याकाळी डॉक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा होता रशीदभाऊ." आणि टाकीच्या झाकणाची किल्ली तुमच्याकडून घेऊन कोणाला दिली? मला! ज्यानं टाकी ठोकली, तो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर लोटा घेऊन उभा. "बाई, एक लोटा घेऊ का?" तेव्हाच जीभ का नाही उचलली मी? नोकरी जाईल या भीतीनं. मग लाजेनं. मग सवयच झाली गप्प राहायची.

आठवड्यानं तुम्ही इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून ती टाकीजवळ आडवी बसवली. "बुडबुडा मधात आला का मंग काठी टाकाची." मला वाटलं टोमणा मारला. तीन दिवस बोलले नाही तुमच्याशी. वेडी! पुन्हा चूक होऊन मी उघडी पडू नये म्हणून केलं होतं तुम्ही. माझा तुमच्यावर राग आहे भाऊ, खरंच आहे. इतकं कशाला पोटात घ्यायचं माणसानं? एकदा रागावून मोकळे झाले असते, तर मीही मोकळी झाले असते.

गाडी मोडीत निघाली. डॉक्टरबाईही मागच्या वर्षी गेल्या. त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

आणि परवा भाभी काठी कुरवाळत मला म्हणाली, "सिस्टर, घरी पानी खतम झालं का मी यांना चिडवाची. जंगलात बाळंतिणीचं पानी सांडलं, आता घरचंबी सांडलं काय? तर नुसते हसाचे. हो म्हनाचे, चुकलोच मी." आणि पदर डोळ्यांना लावला.

म्हणजे घरीसुद्धा नाही सांगितलं तुम्ही? इतकी वर्षं बायकोचे बोल हसत ऐकले, माझ्यासाठी? आणि मी, रशीदभाऊ, मी परवासुद्धा गप्प बसले. भाभीनं पाण्याचा गिलास पुढं केला, तो पिऊन उठून आले.

पण आता नाही. उद्या सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला येते. भाभीच्या समोर बसेन, ती काठी तिच्या हातात देईन, लाल खुणेवर बोट ठेवेन आणि सांगेन, की भाभी, यांनी एक थेंब सांडला नाही. केस माझे ओले होते.

तुमची चुकलेली,
सुनंदा सिस्टर