पांढरी म्हणायची हिरवी गाडी

तीर्थरूप वीरयुतदादा,

दोन्ही हात जोडून, मान पार छातीपर्यंत लववून नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? वहिनी अजून अळणीच जेवू घालते का? (घालू दे, तिचं ऐक.) आई ठणठणीत आहे. सकाळी भिक्षूंना भात वाढते, मग मला शिव्या.

तू मागे म्हणालास, घरात गाडी नाही, रात्रीअपरात्री म्हातारीला काही झालं तर काय, तिला मी बँकॉकला नेतो. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आई गेली तर या घरात मला नावं कोण ठेवणार? म्हणून सांगायला ऊर भरून येतो, की तुझ्या धाकट्या भावाने गाडी घेतली. आणि तीही पारखून.

रोइएत शहरात प्रासित नावाच्या दलालाकडे दोन जुन्या गाड्या होत्या. एक पांढरी मोटार. गुबगुबीत गाद्या, गार हवा आणि अत्तराचा असा घमघमाट, की लग्नघरात आल्यासारखं वाटावं. दुसरी हिरवी पिकअप. मागे उघडा हौदा, दाराला दोन पोचे, हॉर्न म्हशीच्या आवाजाचा. आपली आई शनिवारी जन्मलेली आणि शनिवारच्या माणसाला हिरवा रंग वाईट, हे तू शहरात राहून विसरला असशील. ती सरळ पांढरीत जाऊन बसली आणि प्रासित बयाणा मागू लागला. मी मात्र जाणकारासारखा खाली वाकलो. (गळ्यातला ताईत निसटून सीटखाली गेला होता, पण वाकलो हे महत्त्वाचं.) पायाखालचा गालिचा उचलला, तर वाळलेला गाळ आणि त्यात गोगलगाईचा शंख. गाडी पुरात बुडून निघालेली होती. मी शंख प्रासितच्या तळहातावर ठेवला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, याचे वेगळे पैसे लावणार नाही."

हिरवी पहिल्याच चावीला सुरू झाली, तीच घेतली. आई तोंड फिरवून उभी. मग गाडीचा रंग अशुभ निघाला की आपल्याकडे सगळे करतात तेच मी केलं, बाजारातून स्टिकर आणून मागच्या काचेवर डकवला: 'ही गाडी पांढरी आहे.' ग्रहांना एवढं पुरतं, आईला कुठलं पुरायला! बोट लावून एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "वर बसलेल्यांनी वाचायचं ना? मग काचेवर कशाला लावलास?" दुसरा स्टिकर टपावर लावला तेव्हा कुठे ती गाडीत चढली. विहारातल्या थोरल्या भिक्षूंनी पाणी शिंपडलं, टपही वाचला, पण हसले नाहीत.

आता रोज संध्याकाळी आई केस विंचरून पुढच्या सीटवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे नमस्कार घेते. मला इतका अभिमान वाटतो म्हणून सांगू! तेव्हा तिला न्यायचा विषय संपला, असं समज.

तुझा गाडीवाला भाऊ,
बुनलर्त

ता.क. वरचं अक्षरन् अक्षर खरं आहे. फक्त मला गाडी चालवता येत नाही. प्रासितच्या भाच्याने आणून आंब्याखाली लावली, ती तिथेच आहे. सोंगक्रानच्या सणाला रजा काढून ये आणि मला शिकव.

ता.क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला लिही, मला न्यायला येऊ नकोस. फिरवायला ये."