फणसावरची सीतेची वेणी

गुरुजी, आज सकाळी आठवडा बाजारात मी एका म्हातारीशी भांडलो आणि हरलो. तुम्ही असतात तर तिचीच बाजू घेतली असतीत, म्हणून तुमच्यावरही थोडा रागावलो आहे.

लांज्याकडची मावशी आहे ती. अळू आणि फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या विकते. आज शेजारी सीतेच्या वेण्या होत्या, मेथीच्या जुड्यांसारख्या सुंभाने आवळलेल्या. झाडाच्या सालीला धरून वाऱ्यावर जगणारी ऑर्किडं, फुलांसकट, आणि मुळं अर्धी तुटलेली! माझं डोकं फिरलं.

"अहो मावशी, मुळं कुठायत ह्यांची?"

"फनसाला चिकाटलेली व्हती. कोयत्यानं सुटली तेवडी आनली."

"रान लुटताय तुम्ही!"

ती अळूवर पाणी शिंपडत राहिली. "मी लुटतंय? आनि घेतंय कोन? गेल्या पावसापासनं तुमीच घेताव, दादा. दुसरं कोन फिरकत नाय. तुमी घेतलं नाय, तं ह्या वयात आमच्या म्हाताऱ्याला झाडावर कशाला चढवू?"

बाजूचा सुकटवाला खो-खो हसला. तुमच्याकडे संस्कृतची एवढी संथा म्हटलेला मी, खाली वाकून वेण्या मोजू लागलो. तिला ठाऊक नव्हतं ते आणखी वाईट. पहिल्या पाच वेण्या मी कुंडीत मातीत पुरल्या, शेणखत घातलं, रोज पाणी. पाचही कुजल्या. दर वेळी नवी आणली आणि दर वेळी दोष तिच्या मालाला दिला.

खरं तर मला हे आठवीतच कळायला हवं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात पेज ढवळता आहात. मी दारात उभा, हातात शाळेमागच्या फणसावरून उपटलेली अख्खी वेणी, तुम्हाला भेट म्हणून. तुम्ही पळी खाली ठेवता. "तिने बोलावलं होतं तुला?" एवढंच विचारता, स्टोव्ह विझवता, पायात वहाणा घालता. मग भर दुपारी मी शिडीवर, शिडी धरून तुम्ही खाली, आणि शुद्ध संस्कृतात माझा उद्धार. मी रडत सुंभाने वेणी फांदीला बांधली. पेज करपली, त्याचाही दोष माझ्याच माथी आला. पुढच्या वर्षी ती फुलली तेव्हा मला फणसाखाली नेऊन तुम्ही म्हणालात, "बघ, आली." तुमच्या तोंडून मी ऐकलेलं एकमेव कौतुक, आणि तेही झाडाचं.

भांडण हरल्यावर मी काय केलं असेल? एक वेणी विकत घेतली. कुठल्या फणसावरची, ते मात्र विचारलं. तिच्या घरामागच्या. परत बांधायला आणीन म्हटलं. "आना परत, म्हातारा बांदील," म्हणाली, आणि हसली. मला तो हसण्याचा सूर मुळीच आवडला नाही.

आता वेणी माझ्या गॅलरीत नारळाच्या सोडणावर लोंबते आहे. शेजारच्या वहिनी दोनदा बघून गेल्या, "काय सुंदर हो!" म्हणाल्या, आणि सकाळचा माझा सगळा संताप कुठल्या कुठे गेला, ह्याचाच आता संताप येतो आहे. लांज्याची एसटी दर तासाला आहे. सुंभही आणून ठेवलं आहे. तुम्हाला धाडायला आता पत्ता नाही, म्हणून हे पत्र तुम्ही दिलेल्या संस्कृत शब्दकोशात ठेवून देतो, तिथे बाकीचीही आहेत.

फुलं झडली की नेऊन बांधीन, गुरुजी. गेल्या वर्षीच्या वेणीबद्दलही मी हेच लिहिलं होतं.