दुसरा खेळाडू उजवीकडे जात नाही

रविवार, ३ नोव्हेंबर

आदरणीय 'ढगोबा' यांस,
सविनय नमस्कार.

ओळखपाळख नसताना आपल्याला पत्र लिहिणे हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. आपले खरे नाव ठाऊक नसल्याने सदस्यनामानेच हाक मारली, तीही गोड मानून घ्यावी. आपल्या इंटरनेटवरील खेळकोशात व्हिडिओ गेमविषयी सदस्य जे लिहितात, ते खेळून किंवा खेळवून तपासायचे आणि मग नोंदीवर 'पडताळले' अशी खूण करायची, हे माझे काम. चारचौघांत बोलायचे म्हटले की मला घाम फुटतो. लेखी मात्र मी बऱ्यापैकी धीट आहे. चर्चापान सगळेच वाचतात, म्हणून हे खासगी टपालाने.

'दोन दिव्यांचा बोगदा' या जुन्या खेळाच्या पानावर आपण लिहिले आहे : "या खेळात दुसरा खेळाडू उजवीकडे जाऊ शकत नाही. त्याने दाराशी उभे राहून दिवा धरावा. पहिला खेळाडू पुढे जाऊन परत येतो."

ही नोंद चुकीची आहे. तिघा सदस्यांनी आपापल्या प्रती लावून पाहिल्या. दुसरा खेळाडू उजवीकडे तुरुतुरु धावतो.

आमचे नकाशेकाका (खेळांचे नकाशे काढतात, म्हणून हे नाव, त्यांना प्रत्यक्ष कुणीच पाहिलेले नाही) चर्चापानावर कडाडले, "पोरी, हा निव्वळ खोडसाळपणा आहे. ढगोबाला नारळ द्या!" त्यावर आपण उत्तर दिलेत, "माझा हा रोजचा खेळ आहे. दुसरा उजवीकडे जात नाही म्हणजे नाही. घरी परत विचारलं. हा नियमच आहे, आणि नियमावर रडायचं नसतं, असं सांगितलं."

"कुणी सांगितलं? खेळ बनवणाऱ्याच्या आजीनं?" इति काका.

सगळे हसले. मी हसले नाही. 'नियमावर रडायचं नसतं' हे शब्द मी याच क्रमाने पूर्वी ऐकले आहेत.

आता माझी अडचण. आपल्या त्या नोंदीवर 'पडताळले' ही खूण मीच केली होती, आणि तीही खेळ न लावता. कारण ती माहिती मला पाठ होती. काकांच्या ते लक्षात आले. "तू आणि ढगोबा एकच तर नाही ना? टोप्या दोन, डोकं एक?" असे त्यांनी सर्वांदेखत विचारले. शुक्रवारी दुपारी मतदान आहे. निकाल विरुद्ध गेला तर आपल्या सर्व नोंदी पुसल्या जातील, खाते बंद होईल आणि आपल्यापर्यंत पोहोचण्याचा हा एकमेव मार्गही बंद होईल.

म्हणून स्पष्टच विचारते. आपण मला ओळखता का? हे सारे माझी खोड काढण्यासाठी चालले आहे का? की माझ्या परिचयातील एका व्यक्तीने विकलेला जुना खेळ आपल्या हाती आला आहे?

गुरुवार, ७ नोव्हेंबर

वरचा मजकूर लिहून चार दिवस तसाच ठेवला. 'परिचयातील व्यक्ती' हे मी मुद्दाम कोरडे लिहिले. ती माझी ताई.

या खेळात ती पहिली खेळाडू, मी दुसरी. माझ्या कंट्रोलरचे उजवे बटण मेलेले होते. ती म्हणाली, हा नियम आहे. वर्गात पहिला नंबर काढणारी मी, नियम म्हटल्यावर पुढे काय विचारणार? ती बोगद्यात शिरायची आणि मी दाराशी उभी राहून मांडीवरचे पुस्तक वाचायची. परवा शेजाऱ्यांकडे तो खेळ लावला, उजवीकडे पाऊल पडले, आणि सगळ्यात आधी मला राग आला.

मी चौथीत असताना ताईने घरी न सांगता लग्न केले. तिचे कपडे कपाटात राहिले. खेळ आणि दोन्ही कंट्रोलर गेले. मला खेळायला मिळू नये म्हणूनच तिने ते नेले, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. घरी तिचा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई गॅस बारीक करायला उठते, गॅस पेटलेला नसला तरी.

ताईने तो खेळ विकला असेल, ही शंका मी चार दिवस उलटसुलट करून पाहिली. ती टिकत नाही. विकत घेणारा म्हणाला असता, बटण बिघडले आहे. 'नियम आहे' असे तोच म्हणेल, ज्याला पहिल्या खेळाडूने तसे सांगितले आहे. आणि असले काही ती तिच्याहून लहान, तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या माणसालाच सांगू शकते.

तेव्हा ढगोबा, यापुढे तुला 'आपण' म्हणणे मला जमेल असे वाटत नाही.

तुझी नोंद मी आज खोडली. खोटे ते खोटे. त्यात नाते आणता येत नाही. चूक सदस्याची नसून कंट्रोलरची आहे, असे काकांना कळवले. "पुरावा आण, मग बोलू," म्हणाले. पुरावा तुझ्या घरात आहे. आज संध्याकाळी खेळायला बसाल तेव्हा कंट्रोलर बदलून माग. तू उजवीकडे जाशील, तिला जाता येणार नाही. तेवढे चर्चापानावर लिही, मतदान टळेल. आणि कंट्रोलर मागितल्यावर ती काय म्हणाली, ते फक्त मला कळव. तिने मुकाट्याने दिला, तर माझा संशय चुकला असे समजून मी पुन्हा त्रास देणार नाही. पण तशी ती देणार नाही.

आत्ता पाणी प्यायला उठले होते. परत आले तर आई फडके घेऊन स्क्रीनसमोर उभी. पुसायला आली असे दाखवत होती. फडके कोरडे होते. कुठपर्यंत वाचले, ते मी विचारले नाही. जाता जाता एवढेच म्हणाली, "बाबा यायच्या आत पाठव. आणि पोराला जेवलास का विचार."

जेवलास का?

शंका खरी ठरली तर,
तुझी मावशी

पाठवले : गुरुवार, ७ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटे