म दाबलं की

३ मार्च

कॉम्प्युटर आज पुन्हा कटकटला. दादा लिहीत होता आणि पडदा गोठला! बोट बटणावर तसंच, अक्षर काही उमटेना. मी म्हटलं, होतंय, होतंय, थांब जरा. झालंही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. 'हार्ड डिस्क जाणार, ताई. आज जाईल, नाहीतर महिन्याने. आत काय असेल ते काढून घ्या. मी सोमवारी येतो, तोवर चालूच करू नका.'

आत काय असेल म्हणे! आत माझा भाऊ आहे. आणि सोमवारपर्यंत त्याने काय भिंतीकडे बघत बसायचं?

४ मार्च

मालकांकडे रजा मागितली. चष्म्याचं दुकान, मार्च महिना, माणसं कमी. म्हणाले, 'कॉम्प्युटर बदलायला रजा कशाला लागते?' मग सगळं रामायण सांगावं लागलं. दादाचा आवाज गेला, मग हातपाय गेले, उरलं उजव्या हाताचं मधलं बोट. त्या बोटासाठी त्याच्या मित्राने, जाड्याने, एक प्रोग्राम लिहिला. एक अक्षर दाबलं की दादा नेहमी जे बोलतो ते आख्खं वाक्य समोर येतं. पुन्हा दाबलं की कॉम्प्युटर ते मोठ्याने म्हणतो. दादा जितकं बोलेल तितका प्रोग्राम शिकत जातो. 'च' दाबलं की 'चहा आहे की गरम पाणी?' 'ट' दाबलं की 'टवळे, दार लाव.' सुचलेलं नको असेल तर खोडायचं बटण पार वरच्या कोपऱ्यात. चुकून बोट लागू नये म्हणून जाड्याने मुद्दाम लांब ठेवलं.

जाडा आता नाही. प्रोग्राम जुन्याच सिस्टीमवर चालतो, म्हणून जाण्याआधी त्याने ती सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडून ठेवली. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर! तो पोटातला उचलून नव्यात ठेवायचा, बस.

मालकांनी डोकं खाजवलं आणि रजा दिली.

५ मार्च

नवा डेस्कटॉप आला. मी स्वतःच करायचं ठरवलं. क्लोन म्हणजे नक्कल. बटण आहे, दाबायचं. त्यात काय एवढं!

दोन पर्याय. फुल क्लोन, लिंक्ड क्लोन. फुल सुरू केला. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली आणि डिस्क अशी कटकटली की घाबरून रद्दच केला. मग लिंक्ड. चुटकीसरशी झाला! तिथल्या तिथे उघडून पाहिला. 'ट' दाबलं — टवळे! दादा आणि मी दोघंही हसलो. त्याचं हसू फक्त डोळ्यांत असतं, पण मला कळतं.

नक्कल एवढीशी झाली की पेन ड्राइव्हमध्ये कोपऱ्यात बसली. काय दाबून भरलंय बेट्याने!

६ मार्च

जुना सकाळी सुरूच झाला नाही. काळा पडदा. मी म्हटलं, मेला तर मेला, वेळेवर काढलं! नवा लावला, नक्कल उघडली.

उघडेना. 'मूळ डिस्क सापडत नाही.' पुन्हा. पुन्हा. तेच.

दादा खुर्चीत बसून बघतोय. मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे.

७ मार्च

दुरुस्तीवाला स्वतःहून आला. पाहिलं, जीभ चावली. 'ताई, ही नक्कल नाही हो. नुसती वरची साय आहे. दूध मूळ मशीनमध्येच राहिलं. लिंक्ड म्हणजे मूळ शेजारी असेल तरच चालतं.'

'पण उघडली होती! मी बघितली होती!'

'तेव्हा मूळ जिवंत होतं ना.'

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मला घाई. नेहमी मला घाई. तो तर सोमवारी येणारच होता.

जुनी डिस्क तो घेऊन गेला. 'निघालं तर निघालं,' म्हणाला. जाताना नव्याच्या पोटात जुनी सिस्टीम बसवून जाड्याच्या सीडीवरून तोच प्रोग्राम तिच्यात टाकून गेला. कोरा. 'ट' दाबलं, काही नाही. 'च' दाबलं, काही नाही. दादाने दोनदा दाबून पाहिलं आणि बोट मागे घेतलं.

८ मार्च

आज एकच शब्द. 'पाणी'. तेवढ्याने दमला.

१० मार्च

कामावर गेले. रोज निघताना मी विचारते, कसा आहेस? तो 'म' दाबतो. 'मी मजेत आहे. तू जा.' आईच्या वेळचं वाक्य आहे ते. तिला धीर यावा म्हणून त्याने मशीनला सगळ्यांत आधी तेच शिकवलं. आई गेली, वाक्य राहिलं. ते ऐकलं की माझा पाय उंबऱ्याबाहेर पडतो.

आज विचारलं. बोट हललं नाही. मग मीच म्हटलं, मजेत आहेस ना? मग मी जाते हं. आणि गेले. शेजारच्या काकू दुपारी डोकावतात, तशा आजही डोकावल्या. मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. मालकांनी ती काढून स्वतः नीट बसवली, ते जास्त लागलं.

११ मार्च

डॉक्टर येऊन गेले. बाहेर गाठून विचारलं, बोट किती टिकेल? 'सांगता येत नाही. वापरायला सांगा, पण दमवू नका.' वापरा पण दमवू नका! इकडे आड, तिकडे विहीर. त्याने आयुष्यभराचं बोलणं एकेक अक्षर करून पुन्हा शिकवायचं, आणि तोवर बोट राहायला हवं.

मी मारलं त्याला. दुसरं काय. जाड्याने जे जपून ठेवलं होतं ते मी दोन मिनिटांत पुसलं.

१३ मार्च

मला आठवतात ती त्याची वाक्यं मीच भरून ठेवते म्हटलं. 'चहा आहे की गरम पाणी' भरलं. 'टवळे' भरलं. 'म' ला आले तेवढ्यात दादाने बटण दाबलं. 'न'. मग 'क'. मग 'ो'. नको.

का नको? तोंड फिरवलं. मान तेवढी वळते. एवढा राग कधी पाहिला नव्हता त्याचा. पोळ्या करताना रडले, दोन करपल्या.

१५ मार्च

दुरुस्तीवाल्याला दिवसातून चारदा फोन. आज ओरडलाच. 'ताई, मला काम करू द्या!'

दादा दुपारभर काहीतरी लिहीत होता. मी जवळ गेले की थांबतो. बघू दिलं नाही.

१७ मार्च

सापडली! मूळ फाइल निघाली! 'नशीब तुमचं,' म्हणाला, 'साय आणि दूध जुळलं. या वेळी पूर्ण नक्कल करून ठेवलीये, उद्या घेऊन जा.' मी स्वयंपाकघरात उडीच मारली! दादाच्या कानात ओरडले, तुझा आवाज सापडला रे! त्याने डोळे मिटून घेतले. आनंदानेच असणार.

१८ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे जायला निघाले. चपला घातल्या, सवयीने विचारलं, कसा आहेस? आणि नवा कॉम्प्युटर बोलला. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

'मी मजेत नाही. म दाबलं की तेच यायचं. खोडायच्या बटणापर्यंत बोट पोचायचं नाही. दाबून मोकळा व्हायचो. तू जाऊ नकोस.'

चपला काढल्या.