कोरडा राहिलेला हात

पप्पा, येत्या रविवारी मला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगितलंय. पन्नाशी उलटलेल्या बाईला. बसा आता डोक्याला हात लावून.

नाशिकला लेकीकडे राहायला आल्यापासून मी तिच्या चर्चच्या मंडळीत जाते. पाटीवर बॅप्टिस्ट लिहिलंय, आपल्यासारखंच. मला वाटलं, आपल्याच घरात आले. पण प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं आणि ते वाटणाऱ्या डीकनने हळूच शेजारच्या बाईकडे नेलं. नंतर पाळकसाहेब, लेकीच्याच वयाचे, फार नम्रपणे म्हणाले, "मावशी, राग मानू नका. तुमच्या वडिलांच्या मंडळीत लहानपणी नुसतं पाणी शिंपडलेल्यांनाही, पूर्ण न बुडवलेल्यांनाही, भोजन देत होते ना? मग तिथला बाप्तिस्मा आम्हाला ग्राह्य धरता येत नाही."

शिंपडलेली म्हणजे आपली आई. इगतपुरीच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात तुम्ही रेल्वेची ड्यूटी संपवून, हाताचं ग्रीस घासून यायचात आणि भाकरीचा पहिला तुकडा तिलाच द्यायचात. कुणी कुरकुरलं की म्हणायचात, "मेज प्रभूचं आहे. मी कोण अडवणार?" पण बाप्तिस्मा द्यायला पाण्यात उतरलात की तुम्ही वेगळेच. एका फिटरकाकांच्या पायाचा अंगठा वर राहिला, तर सगळ्यांसमोर त्यांना पुन्हा बुडवलंत. "अर्धवट काम चालणार नाही," म्हणालात. काकांना ठसका लागला तरी ऐकलं नाहीत.

दादाला फोन केला तर तो उखडलाच. "तू पाण्यात उतरलीस तर पप्पांनी आयुष्यभर केलं ते खोटं ठरेल." इकडे लेकीचाही बाप्तिस्मा त्याच रविवारी आहे. ती म्हणते, "आई, माझं पहिलं भोजन मला तुझ्याशेजारी घ्यायचंय." चहा करताना मी हो ठरवते आणि भाजी चिरताना नाही. परवा कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, आणि आत डाळच नव्हती. सगळ्यांना वाटतं, ही वडिलांच्या मानासाठी झुरतेय.

तसं नाही, पप्पा. मला तो धरणाचा काठ आठवतो. मी चौदा वर्षांची, अंगात पांढरा ड्रेस, दात वाजतायत. पाणी कमरेपर्यंत. तुम्ही माझ्या पाठीला हात लावता, पित्याचं, पुत्राचं नाव घेता, मला मागे झुकवता, आणि मी घाबरून तुमच्या शर्टाची बाही घट्ट पकडते. वर येते तेव्हा सगळं अंग चिंब, उजवा पंजा मात्र कोरडा. तुम्ही तो बघितलात. मग माझ्याकडे बघितलंत आणि आईला म्हणालात, "टॉवेल दे तिला." पुन्हा बुडवलं नाहीत. का नाही? लेक म्हणून दया आली, की तेवढं तुमच्या लेखी चाललं? विचारायचं धाडस झालं नाही आणि तुम्ही गेलात. तेव्हापासून भोजनाची भाकर मी डाव्या हाताने घेत आले. लोकांना वाटलं, डावखुरी आहे.

काल मी पाळकसाहेबांना हो म्हणून आले. ते खूश झाले, त्यांचं म्हणणं मला पटलं असं समजले. मी समजू दिलं, कोरड्या हाताचं बोलले नाही. दादाला अजून सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. पाळकसाहेबांना एकच विचारायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. पाण्यात त्यांची बाही धरली तर चालेल का?